गांजाचे पीक आणि कायद्यातले बंद दार

पुणे-सोलापूर महामार्ग सोडून दौंड तालुक्याच्या उत्तर अंगाला वळले की राहू लागते. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला भीमा आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका. दोन नद्यांमधल्या या पट्ट्याला पंचक्रोशीत राहू बेट म्हणतात. ऊस आणि गुऱ्हाळे ही त्याची ओळख. जमीन कसदार आहे, पाणीही आहे. पण ते पाणी पुणे शहराने वापरून सोडलेले असते आणि उसाचा भाव दिल्लीत ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर केली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उरलेल्यात खत, वीजबिल, सोसायटीचे कर्ज आणि मुलांची शिक्षणे बसवायची. पाटसचा भीमा सहकारी कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद राहिला, तेव्हा उभ्या उसाचे काय होते हेही या तालुक्याने पाहिले. त्यामुळे ‘उसाला जोड काय?’ हा प्रश्न इथल्या पारावर नवा नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक चोरटे उत्तर अधूनमधून पोलिसांच्या छाप्यात सापडते. उसाच्या किंवा मक्याच्या आड चार-दोन सरी गांजा लावलेला असतो. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तर असे छापे वर्षानुवर्षे पडत आले आहेत. बातमी दरवेळी सारखीच असते: इतकी झाडे, इतके किलो, इतक्या लाखांचा मुद्देमाल, शेतकरी अटकेत.

अशा छाप्याचा पंचनामा जवळून वाचण्यासारखा असतो. झाडे मुळासकट उपटतात, माती झटकतात, मोळ्या बांधून काट्यावर ठेवतात. मुळे, खोड, फांद्या, पाने, बोंडे असे सगळे एकत्र तोलले जाते. कायद्याच्या लेखी मात्र गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात मोडत नाहीत. मग वकील कोर्टात विचारतो की या वजनात शेंडे किती. वीस किलोंच्या वर वजन गेले तर ती ‘व्यावसायिक मात्रा’ ठरते आणि जामीन मिळणे महामुश्कील होते. एका माणसाच्या आयुष्याची दहा-वीस वर्षे काट्यावरच्या ओल्या खोडावर ठरू शकतात. माल उचलणारा व्यापारी बहुतेक वेळा त्या पंचनाम्यात कुठेच नसतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने चोरीचा मार्ग सोडून सरळ जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले. शेतमालाला भाव नाही, शेती तोट्यात आहे, तेव्हा आपल्या दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी, अशी त्यांची मागणी होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून लागवड करू, असेही त्यांनी कळवले. हा प्रसिद्धीचा खटाटोप आहे आणि लागवड केली तर गुन्हा दाखल होईल, असे पोलिसांनी सांगितले. बातमी दोन दिवस चर्चेत राहिली आणि विरली. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याची आर्थिक आणि वैद्यकीय बाजू नीट तपासायला हवी, कारण दोन्ही बाजूंना ठोस उत्तरे आहेत.

नगरचा गांजा

राहूपासून भीमेच्या काठाने खाली गेले की पलीकडे श्रीगोंदा तालुका, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आजचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः याच नगर जिल्ह्यात पिकत असे, आणि तो उघडपणे पिकत असे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरणी व्हायची. झाडे ओळखता येऊ लागली की नर झाडे उपटून टाकायची, कारण परागकण पडून बी धरले की मालाचा कस उतरतो. हिवाळ्यात शेंडे कापून वाळवायचे, थर रचून पायांनी तुडवायचे आणि चपटा माल बांधायचा. लागवडीवर सरकारची नजर, मालाला गोदाम, वाहतुकीला परवाना, विक्रीला परवानाधारक दुकान आणि प्रत्येक टप्प्यावर कर अशी ती व्यवस्था होती.

तेव्हाही या झाडावरून वाद होता. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर जुलै १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. त्याने देशभरातल्या ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत डॉक्टर होते, अधिकारी होते, शेतकरी आणि व्यापारीही होते. १८९४ मध्ये अहवाल आला, तो सात खंडांचा.

त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग आजही डोळे उघडणारा आहे. गांजाने माणूस वेडा होतो, असे जो तो सांगत होता आणि पुरावा म्हणून इस्पितळांची आकडेवारी पुढे केली जात होती. आयोगाने १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रुग्णांची प्रकरणे घेतली. त्यांतल्या २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग-चरस असे नोंदलेले होते. एकेक प्रकरण उलगडून पाहिल्यावर आयोगाच्या हाती अशी ९८ प्रकरणेच उरली, आणि निव्वळ या पदार्थांमुळे झालेली ६१. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने सांगितलेले कारण रजिस्टरात तसेच उतरवले जात होते. आयोगाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने जवळपास अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. संपूर्ण बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही. सरकारने नियंत्रण ठेवावे आणि कर घ्यावा.

त्या अहवालामागे वसाहतीच्या महसुलाची गणिते होतीच. तरीही ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांत फरक करण्याची त्याची पद्धत नंतरच्या कायदेमंडळांना जमली नाही.

१९८५ नंतर

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा आणि चरस कडक नियंत्रणाखाली आले. भारताच्या आग्रहामुळे पाने, म्हणजे भांग, त्यातून वगळली गेली आणि देशांना जुनी चाल मोडायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती सरत आली तेव्हा भारताने १९८५ मध्ये अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा केला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. आज किलोभरापर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत, किलो ते वीस किलोंच्या दरम्यान दहा वर्षांपर्यंत आणि त्यापुढे दहा ते वीस वर्षे कैद होऊ शकते. लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तिथे झाडे दोन की दोनशे याचा विचार कलमात नाही. महाराष्ट्रात भांगही मोकळी नाही, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो.

पण याच एनडीपीएस कायद्यात दोन दारे मुद्दाम ठेवलेली आहेत. कलम १० राज्य सरकारला वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी लागवड, उत्पादन आणि विक्री यांचे नियम करण्याचा अधिकार देते. कलम १४ खाली धागा आणि बियांसाठी औद्योगिक लागवडीला मुभा देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये हे दुसरे दार उघडले. हिमाचलमध्ये मंत्री जगतसिंह नेगी यांच्या समितीने अभ्यास केला, तिचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने स्वीकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला. जम्मूत केंद्र सरकारची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ ही संस्था औषधी वाणांवर काम करते. गोव्यातही याच संस्थेच्या प्रस्तावाला २०२० च्या डिसेंबरात कायदा खात्याने हिरवा कंदील दाखवला होता, पण विरोध उसळला आणि सरकारने पाय मागे घेतला.

महाराष्ट्रात उद्योजक आहेत. मुंबईत २०१३ मध्ये तरुणांनी ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ सुरू केली आणि संशोधनासाठी जम्मूच्या त्याच संस्थेशी हात मिळवला. कंपनी मुंबईची आणि संशोधनाचे वाफे जम्मूला, अशी ही स्थिती आहे.

औषधाचा हिशेब

वैद्यकीय बाजू समजून घेताना दोन टोके टाळली पाहिजेत. गांजा सर्व रोगांवर चालतो हे खोटे आहे, आणि त्यात औषध म्हणून काहीच नाही हेही खोटे आहे.

आयुर्वेदात विजया म्हणून हे झाड जुनेच आहे. जातिफलादि चूर्णासारख्या योगांत ते आजही येते. १८३९ मध्ये कोलकात्यात डॉ. विल्यम ओशॉग्नेसी यांनी धनुर्वात आणि लहान मुलांच्या आकडीवर त्याचा प्रयोग करून निबंध वाचला, आणि पाश्चात्त्य वैद्यक इथूनच त्याच्याकडे वळले. १९६४ मध्ये इस्रायलचे राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारा टीएचसी हा घटक वेगळा काढला. त्याच झाडात सीबीडी नावाचा दुसरा घटक आहे, तो तशी नशा आणत नाही.

या सीबीडीची सर्वांत भक्कम कसोटी मुलांच्या अपस्मारात लागली. ड्रावे सिंड्रोम या दुर्धर आजारात मुलाला महिन्यात अनेकदा मोठे झटके येतात आणि नेहमीची औषधे दाद देत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० मुलांच्या आणि तरुणांच्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले. नुसते दिखाऊ औषध घेणाऱ्यांचे १४.९ वरून १४.१ वर. झोप येणे, जुलाब, यकृताच्या तपासण्यांत बिघाड असे दुष्परिणामही नोंदले गेले. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाला मान्यता दिली. ज्या घरात असे मूल आहे त्या आईबापांना महिन्याचे सहा झटके कमी होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने जानेवारी २०१७ मध्ये हजारो शोधनिबंध चाळून जो अहवाल दिला, त्यात प्रौढांचे जुनाट दुखणे, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा या तीन ठिकाणी पुरेसा पुरावा असल्याचे म्हटले आहे. दुखण्याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये शिफारस करायचे नाकारले. तरीही २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे मान्य करून गांजाला सर्वांत घातक यादीतून काढले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, आणि बाजूच्या मतांत भारताचे मत होते.

भारताने बाहेर जे मान्य केले ते घरात का अडते, याचे उत्तर मॉर्फिनच्या इतिहासात आहे. १९८५ चा कायदा व्यसन आणि तस्करी रोखायला केला होता. पण परवान्यांचे जंजाळ असे वाढले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातला वैद्यकीय वापर पाचशे किलोंच्या वरून १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोंवर घसरला. जगातल्या औषधांसाठी अफू पिकवणाऱ्या देशात कॅन्सरचे रुग्ण वेदनेने तळमळत मेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. व्यसनाच्या धास्तीने रुग्णाचे औषध हिरावले जाते, हे आपण एकदा अनुभवले आहे. ते पुन्हा होऊ देता कामा नये.

पैशाचा हिशेब

चोरट्या गांजाला जो भाव मिळतो तो झाडाचा नसतो, तुरुंगाच्या धोक्याचा असतो. धोका गेला की भाव पडतो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला. सुरुवातीला मोठमोठी हरितगृहे उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांत माल पडून राहिल्याने त्यातली कितीतरी बंद पडली. राहू बेटातल्या शेतकऱ्याला कोणी ‘एकरी लाखो’ असे सांगू लागला, तर त्याने आधी खरेदीचा लेखी करार मागावा.

सरकारी तिजोरीला मात्र फायदा होतो हे दिसले आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ रोजी दुकाने उघडली आणि करापोटी आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक जमा झाले. त्यातला वाटा शाळांच्या इमारतींना गेला. तस्कराच्या खिशात जाणारा पैसा शाळेच्या भिंतीत गेला तर तो समाजाचा लाभच.

शेतकऱ्यासाठी खरी शक्यता दोन ठिकाणी आहे. पहिली औद्योगिक भांग: धागा, खोडाचा भुसा आणि बिया. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बिया, बियांचे तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केले आहे. अडचण वाणाची आहे. टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत राहायला हवे, आणि आपली देशी झाडे सहज त्यापुढे जातात. तेव्हा बियाण्यावर काम झाल्याशिवाय परवाना देणे म्हणजे शेतकऱ्याला फासात अडकवणे. दुसरी शक्यता औषधी लागवडीची: थोडे क्षेत्र, कडक देखरेख आणि ठरलेला खरेदीदार.

हे चालवता येईल का, असे विचारणाऱ्यांनी नीमच आणि मंदसौरकडे पाहावे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक पट्ट्यांत शेतकरी आजही सरकारी पट्ट्यावर अफू पिकवतात. ग्वाल्हेरचे केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो परवाना देते. पट्टा बहुधा दहा आरांचा, म्हणजे हेक्टरचा दहावा हिस्सा. अधिकारी येऊन शेत मोजतात. बोंडांना चीर देऊन चीक गोळा करतात तेव्हा गावचा लंबरदार रोजचे वजन वहीत टिपतो. उतारा कमी पडला तर पुढच्या वर्षी परवाना जातो. या व्यवस्थेतही गळती आहे, लाचखोरीच्या तक्रारी आहेत. पण अफूसारखे कितीतरी घातक पीक सरकार परवान्यावर सांभाळू शकते, तर गांजाच्या औषधी लागवडीला ‘नियंत्रण अशक्य’ हे कारण पुरत नाही.

कोण पकडले जाते

बंदीचाही खर्च आहे आणि तो गरीब भरतात. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ आणि २०१८ मधल्या मुंबईच्या न्यायालयांतले एनडीपीएसचे दहा हजारांहून अधिक खटले तपासले. जवळपास सगळे वैयक्तिक सेवनाचे होते आणि त्यांतले ८७ टक्के गांजाचे. पकडलेले बहुतांश लोक झोपडपट्टीत किंवा पदपथावर राहणारे, हातावर पोट असणारे. त्यांनी गुन्हा कबूल करून दंड भरला आणि कपाळी गुन्हेगाराचा शिक्का घेऊन परतले. मोठे तस्कर त्या यादीत शोधूनही सापडत नाहीत.

गांजा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. पौगंडावस्थेतल्या मुलांवर त्याचा परिणाम वाईट होतो, नियमित आणि तीव्र सेवनाने मनोविकाराचा धोका वाढतो, गाडी चालवताना अपघात होतात, गरोदरपणी बाळाचे वजन घटते. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत गांजा, भांग किंवा चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी लोक आढळले. त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. त्याच पाहणीत दारू पिणारे सोळा कोटी आणि मदतीची गरज असणारे ५.७ कोटी होते. दारूवर कर घेऊन आपण ती विकतो. गांजाच्या रुग्णाला मात्र पोलीस ठाण्यात नेतो.

घाईचा धडा थायलंडने दिला. ९ जून २०२२ रोजी तिथे गांजा यादीतून काढला, पण विक्रीचे पुरेसे नियम आधी केले नाहीत. हजारो दुकाने फुटली, मुलांपर्यंत माल गेला, आणि जून २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. महाराष्ट्राने क्रम उलटा ठेवावा: आधी औषध, मग धागा आणि बी, सेवन करणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचार, दुकानांचा विचार या तिन्हींचा अनुभव हाती आल्यावर.

महाराष्ट्राने काय करावे

राज्याकडे लागेल ते सगळे आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याच नगर जिल्ह्यात आहे जिथे हे पीक पिकत होते, ०.३ टक्क्यांच्या आतले वाण तयार करण्याचे काम त्याला सोपवावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत टीएचसीची तपासणी होऊ शकते. औषधी लागवड आधी सरकारी प्रक्षेत्रांवर करावी आणि नंतर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना द्यावी. सहकारातून साखर उभी करणाऱ्या नगर जिल्ह्याला ती रीत शिकवावी लागणार नाही. आधी करार, मग पेरणी हा नियम असावा, म्हणजे नफा प्रक्रिया करणाऱ्याकडे आणि जोखीम शेतकऱ्याकडे अशी विभागणी होणार नाही. अपस्माराच्या मुलांसाठी आणि कॅन्सरच्या रुग्णांसाठी प्रमाणित औषध सरकारी रुग्णालयांत मिळावे. कलम ६४अ खाली उपचाराला तयार असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळते. ही तरतूद प्रत्येक पोलीस ठाण्यात माहीत असावी आणि वापरली जावी.

हिमाचलप्रमाणे विधिमंडळाने सर्वपक्षीय समिती नेमावी. तीत डॉक्टर, कृषिशास्त्रज्ञ, व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते आणि शेतकरी असावेत, आणि तिने दौंड, मोहोळ, शिरपूरसारख्या तालुक्यांत जाऊन लोकांचे ऐकावे. कलम १० खालचे नियम करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय आणि राजपत्रातली अधिसूचना एवढे पुरेसे आहे. आपल्या आमदाराला हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे, आणि तो वाचकांनी बजावावा.